सोलापुरात बसवलेला हीटर

सोलापुरात जीपला हीटर बसवायचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो आणि मग बाहेरच्या उन्हाकडे. त्यात त्याचं काही चुकत नाही. मार्च लागला की मृगाची पहिली सर पडेपर्यंत आमच्या गावाची निम्मी अक्कल उष्णता बाहेर घालवण्यात खर्ची पडते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर ठाण मांडून बसतो, दुपारी नवी पेठेतली दुकानं शटर अर्धं ओढून पेंगतात आणि रात्री माणसं अंथरूण-पांघरूण घेऊन गच्चीवर जातात; त्यातलं पांघरूण नुसतं डासांसाठी. अशा गावात हीटर या वस्तूशी माणसाचा संबंध येतो तो आंघोळीच्या पाण्यापुरता.

जुन्या जीपमध्ये तर उष्णता मागायला जावंच लागत नाही. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं असतं, तिथून इंजिनाची धग वर येते. क्लच-ब्रेकच्या दांड्या ज्या फटींतून आत येतात, त्याच फटींतून पंख्याने मागे फेकलेली गरम हवा थेट नडग्यांवर आदळते. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने मागे जातो, त्या बाजूच्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा. ज्याने भर उन्हाळ्यात वडापच्या ट्रॅक्समध्ये पुढच्या सीटवर चौथा म्हणून बसून, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन सोलापूर ते अक्कलकोट केलं आहे, त्याला केबिनचा हीटर काय असतो हे सांगायची गरज नाही.

मागणी माझ्या धाकट्या मेहुण्याची होती. त्याच्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे, कुठल्याशा खात्याच्या लिलावातून आलेली. वर ताडपत्रीचं हूड, पुढे प्यूजोच्या परवान्याने बनलेलं दोन लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन. या जीपचं घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजपर्यंत जातं. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीजच्या जिपा जुळवायला घेतल्या, तिथून हा वंश आपल्याकडे वाढला. खुद्द अमेरिकेत युद्ध संपल्यावर जी नागरी जीप विक्रीला आली, तिलाही हीटर आपसूक येत नसे. हवा असेल तर वेगळे पैसे मोजा, असा मामला. बर्फ पडणाऱ्या मुलखात जो वरकड मानला गेला, त्याला आपल्याकडे कोण विचारतो! पण मेहुण्याला ऑक्टोबरात मनालीमार्गे लेहला जायचं होतं आणि जीपनेच जायचं होतं. "दाजी, इमानानं लेहला कुणीबी जातंय," हे त्याचं म्हणणं. त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, "मग चालत जा" म्हणून विषय मिटवला. मला मात्र रस वाटू लागला. त्याच्या प्रवासात फारसा नव्हे, त्या हीटरमध्ये.

गॅरेज अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे. पलीकडच्या शेडमधून टॉवेलच्या मागांची खडखड दिवसभर चालू असते, त्यामुळे तिथे सगळे जण थोडं मोठ्यानेच बोलतात. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. मेहुण्याने मागणी सांगितली तेव्हा त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.

"एसी म्हणायलाव का?"

"हीटर, चाचा. हीटर."

"का? हितलं ऊन कमी पडायलंय का?"

चहाला जमलेल्यांपैकी एकाने लगेच सोलापूरच्या माणसाला कुठली थंडी झेपायला, असं सुनावलं. मला ते सहन झालं नाही. द्वारकानाथ कोटणीस याच गावात १९१० साली जन्मले. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, हिवाळ्यात पाणी गोठतं अशा खेड्यांत, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. बत्तीस वर्षांचं आयुष्य. त्यांचं सोलापूरचं घर आता स्मारक आहे. हे मी सांगितल्यावर तो गृहस्थ म्हणाला, "त्ये डॉक्टर होते." चर्चा तिथे संपली.

चाचांनी बॉनेट उघडलं आणि मग माझ्या डोक्यातली हीटरची कल्पनाच बदलली. मला वाटायचं, हीटर म्हणजे तार, तारेत वीज, वीज तापते. गाडीचा हीटर स्वतः काहीच तापवत नाही. डिझेल जळतं तेव्हा त्यातली जेमतेम एक-तृतीयांश ऊर्जा चाकांच्या वाट्याला येते. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. ही जीप तासाला चार लिटर पीत असेल तर चाळीस युनिट झाली. त्यातली चौथाई जरी पाण्यात उतरली तरी तासाला दहा युनिट. म्हणजे पाच घरांतले गिझर एकदम चालू ठेवून त्यांचं पाणी रस्त्यावर ओतत जाणं. गाडीच्या पुढे जी जाळी असते ती या उधळपट्टीसाठीच. हीटर एवढंच करतो की त्या वाहत्या गरम पाण्यातलं थोडं पाणी वळवून डॅशबोर्डखाली आणतो, एका छोट्या जाळीतून फिरवतो, पंख्याने त्या जाळीवरून हवा ढकलतो आणि पाणी परत इंजिनाकडे पाठवतो. फुकटची ऊब. म्हणूनच ती वर्षानुवर्षं कुणी मागितली नाही की काय, कोण जाणे.

हे हिशेब सोलापुरात परके नाहीत. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचं वीजकेंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. तिथेही जळालेल्या कोळशातली निम्म्याच्या आसपास उष्णता वीज न होता थंड करण्याच्या मनोऱ्यांवाटे आभाळात जाते, आणि ती तशी घालवता यावी म्हणून उजनीचं पाणी लागतं. उलट साखर कारखान्यांत बघा. बगॅस जाळून वाफ करायची, तिने टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनमधून थकून बाहेर पडलेल्या त्याच वाफेवर उसाचा रस उकळायचा. जीपच्या हीटरमागे जी अक्कल आहे, ती हीच. जिल्हाभर गावोगाव साखर कारखाने असताना ती आमच्या गाड्यांपर्यंत पोचली नाही, कारण गाडीत बसणाऱ्याला रस उकळायचा नव्हता.

पहिला अडथळा निघाला तो भलत्याच ठिकाणी. चाचांनी हेडच्या पुढची कोपऱ्याची नळी सोडवली, बोट आत घातलं आणि हसले. थर्मोस्टॅट नव्हता. त्यांनीच काही वर्षांपूर्वी काढून टाकला होता.

थर्मोस्टॅट म्हणजे बांगडीएवढी पितळी चकती, मधोमध एक झडप. आत मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. पाणी ८२ अंशांच्या आसपास तापलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सुटतं. तोवर ते इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर अशा तापत्या मुलखात जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकणं हा मिस्त्रींचा शिरस्ता आहे. त्यामागे अडाणीपणा आहे असं पुस्तकी माणसाला वाटतं, मलाही काही अंशी वाटतं. थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त खातं, आतून लवकर झिजतं. पण चाचांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. बोअरच्या जड पाण्याने झडपेवर क्षार साचतात. झडप कधीतरी बंद अवस्थेतच अडकते. मग मे महिन्यात, भर दुपारी, मोहोळच्या पुढे कुठेतरी गाडी उकळते, हेड वाकतं, गॅस्केट जातं. चकतीची किंमत काही शे रुपये, हेडचं काम काही हजारांचं, आणि मधल्यामध्ये गिऱ्हाईक कुटुंबासकट रस्त्यावर उभं. जी वस्तू बिघडली तर घात करते आणि असली तरी दिसत नाही, ती काढून टाकण्याकडे कामकरी माणसाचा कल असतो. मला ही विचारसरणी पूर्ण पटत नाही, पण तिच्यावर हसवतही नाही.

आता मात्र ती चकती परत बसवणं भाग होतं. झडप नसली की पाणी सतत रेडिएटरमधून जातं. लडाखच्या हवेत ते तापणारच नाही आणि हीटरमधून कोमट झुळूकही येणार नाही. उष्णता घालवायची सगळी दारं सताड उघडी ठेवून आतल्या खोलीत ऊब मागता येत नाही. चाचांनी नवी चकती आणवली, बसवण्याआधी स्टोव्हवरच्या पातेल्यात दोऱ्याला बांधून सोडली आणि झडप उघडताना आम्हाला दाखवली. त्यांना स्वतःलाही ती बऱ्याच दिवसांनी बघायला मिळत असावी.

हीटरची जाळी, जिला इथे कॉइलच म्हणतात, भंगारातून मिळाली. मारुती ८००च्या हीटरचा अख्खा डबा, पंख्यासकट. सोलापुरात विकल्या गेलेल्या मारुतींमध्ये डॅशबोर्डवर निळ्या-लाल रंगाचा सरकता खटका असायचा. तो लाल टोकाला गेलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. कित्येक गाड्यांच्या कॉइल गळू लागल्यावर मिस्त्रींनी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटरला वळसा घालून दिला होता आणि मालकाला ते कळलंही नव्हतं. त्यामुळे भंगारातला डबा जवळजवळ कोरा निघाला.

मग भोकं पाडायची वेळ आली. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो त्यात दोन नळ्यांसाठी दोन भोकं. चाचांनी खडूने खूण केली, मागे जाऊन बघितली, पुसली, परत केली. पत्र्याच्या धारेने नळी हळूहळू कापली जाऊ नये म्हणून भोकाच्या काठाला रबरी ग्रोमेट. एक नळी हेडवरच्या गरम तोंडापासून, दुसरी परत वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, ओढीच्या बाजूला. कारण पाणी आपणहून वळत नाही, एका टोकाला ढकलणारं आणि दुसऱ्या टोकाला ओढणारं कुणी लागतं. मध्ये हाताने फिरवायचा पितळी कॉक. ब्लोअरची तार थेट बॅटरीला जोडू म्हणणाऱ्या हेल्परला चाचांनी डोळ्यांनीच गप्प केलं आणि फ्यूज, रिले, किल्लीचं कनेक्शन अशी सरळ वाट घेतली. ब्लोअरला खरंच हवा येते का हे पाहायला मेहुण्याने जाळीपुढे हात धरला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हाताला लागणारी हवा गार होती, कारण इंजिन बंद होतं. तेवढ्या वेळापुरता तो हीटर सोलापूरच्या उपयोगाचा होता.

रेडिएटरमधलं पाणी सोडलं तर ते चहाच्या रंगाचं निघालं. आमच्याकडे साधं पाणी घालूनच गाड्या चालतात. लेहच्या वाटेवर रात्री ते गोठेल, आणि गोठताना पाणी जवळजवळ नऊ टक्क्यांनी फुगतं. ओतीव लोखंडाचा ब्लॉकही त्यापुढे तडकतो. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉलचं कूलंट केलं तर उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठण्याची भीती नाही. याच मिश्रणाचा उकळबिंदूही साध्या पाण्यापेक्षा वर असतो, म्हणजे ते खरं तर सोलापूरच्या मे महिन्यालाही तितकंच लागू आहे. हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक हाय. पाणी फुकट मिळतंय." चाचांनी नवं मिश्रण भरलं, नळ्यांतली एअर काढली, आणि रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग दाबून बघून झाकणही नवीन घ्यायला लावलं. ते मला तेव्हा जास्तीचं वाटलं. नंतर हिशेब केला: पाच हजार मीटरच्या पुढे उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. म्हणजे थर्मोस्टॅटची झडप उघडायची वेळ आणि पाणी उकळायची वेळ एकच. झाकणाने दाब धरला तरच पाणी पाणी राहतं. गाडी तापण्याची धास्ती एवढं हजारो किलोमीटर जाऊनही मागे राहत नाही.

एवढं करून इंजिन सुरू केलं, कॉक उघडला, गरम हवा आली. अगदी हवी तशी आली आणि आली तशी निघूनही गेली, कारण जीपला भिंतीच नव्हत्या. ताडपत्रीचं हूड, बाजूला चेनचे पडदे, दारं नावापुरती. सोलापुरात ही गाडीची खुबी समजली जाते. वारं आरपार गेलं पाहिजे. पण ऊब ठेवायची तर फटी बुजवाव्या लागतात, आणि फटी बुजवायचं कसब आमच्याकडच्या गॅरेजात कुणी शिकलेलं नव्हतं. गिअरचं नवं रबर, पेडलांच्या फटींना स्पंजच्या पट्ट्या, दारांना रबरी बीडिंग, हे सगळं चाचांनी केलं, पण त्यात त्यांना गोडी वाटत नव्हती हे दिसत होतं. एका गोष्टीवर मात्र ते हटून बसले. जुन्या गाडीच्या धुराड्याला कुठे बारीक गळती असेल तर बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यांनी सायलेन्सरचा प्रत्येक सांधा तपासला आणि मेहुण्याला बजावलं की इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, हात-पाय गोठले तरी नाही. आमच्या हवेशीर जिपांना हा धोका कधी शिवलाच नव्हता.

हुडाचं अस्तर ही कल्पना मेहुण्याची. एकेरी ताडपत्रीतून ऊब झिरपणारच, आतून दुसरा थर हवा. मग त्याने घरातल्या दोन जुन्या सोलापुरी चादरी उचलून विजापूर वेशीजवळच्या हूडवाल्याकडे नेल्या. बायको चिडली, कारण त्यातली एक तिच्या माहेरची होती. मी मात्र त्या दिवशी चादर या वस्तूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. जाड सुताची, दोन्ही बाजूंनी नक्षी उठणारी, जॅकार्डवर विणलेली. २००५च्या सुमारास महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या मालांत ही चादर आणि सोलापुरी टॉवेल होते. ती अंगावर घेतल्यावर उबदार वाटते, पण स्वतः काहीच तापत नाही. सुताच्या वळ्यांत थोडी हवा अडकवून ठेवते आणि अंगातून निघालेली उष्णता तिथेच थोपवते. पूर्व भागातला विणकर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या अंगाने, घाम गाळत ती विणतो, आणि ती पांघरतो डिसेंबरातला कुणी दिल्लीवाला किंवा पुणेकर. उबेचा एवढा मोठा धंदा या गावाचा, आणि त्या धंद्यातला एकही नग गावात सहा महिने कामाचा नसतो.

आणि तरीही उष्णता थोपवायची विद्या आमच्याकडे नव्हती असं कसं म्हणू? जुन्या सोलापुरात, खेड्यांत अजूनही, माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन त्या थरात अडकतं आणि खाली माणूस सुखाने झोपतो. पौषात तेच माळवद रात्रीची थंडी वर अडवतं. मातीच्या थराला आत-बाहेर कळत नाही. सिमेंटचा स्लॅब पडायला लागला तेव्हा ही विद्या आम्ही पावसात माळवद गळतं या कारणावरून सोडून दिली आणि मग गच्चीवर झोपायला गेलो. हूडवाल्याने चादर आणि ताडपत्री यांच्यामध्ये बोटभर पोकळी ठेवून शिवण घातली, तेव्हा मला जीपवर छोटंसं माळवद चढवल्यासारखं वाटलं.

चाचणीला तुळजापूरचा घाट निवडला. सप्टेंबर अखेर, पावसाने दडी मारलेली, दुपार. गाडीत मी, मेहुणा आणि मागे चाचा. सगळे पडदे बंद करून, कॉक पूर्ण उघडून, ब्लोअर चालू करून आम्ही घाट चढू लागलो. शेजारून जाणारे दुचाकीवाले काचेतून आमचे लाल चेहरे बघत होते. घाटाच्या मध्यावर मेहुणा ओरडला, "दाजी, काटा बघा!" पाण्याचा काटा या चढावर नेहमी चढायचा, आज खाली उतरत होता. चाचा मागून म्हणाले, ह्ये आमाला आधीपास्नं ठाऊक हाय. गाडी तापायला लागली, गॅरेज लांब, पाणी नाही, तर जाणता ड्रायव्हर भर मे महिन्यात हीटर पूर्ण सोडतो आणि खिडक्या उघडून गाडी हाकतो. केबिनमधली जाळी मग दुसरा रेडिएटर बनते. माणूस भाजतो, इंजिन वाचतं. सोलापुरात हीटरचा कुणी उपयोग केला असेल तर बहुधा असाच, आणि तोही थंडीसाठी नव्हे. वर पोचल्यावर आम्ही तिघे पडदे उघडून उभे राहिलो. देवीचं दर्शन घेतलं, पेढे घेतले, उतारावर हीटर बंद.

लेहच्या प्रवासाबद्दल मला फार लिहायचं नाही. तसलं लेखन हल्ली पुष्कळ होतं, आणि बहुतेकांत फोटोच जास्त असतात. अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून रोहतांगच्या चढाची धास्ती तशीही उरलेली नाही. मेहुण्याने केलाँगहून, मग पुढे थेट लेहहून फोन केला. सरचूला पहाटे डिझेल घट्ट होऊ लागल्यावर शेजारच्या ट्रकवाल्याने रॉकेल मिसळायचा सल्ला दिला. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल २०१९ साली निघालं, पण यांच्या टाकीत मनालीचं साधं होतं. हीटरबद्दल त्याने सांगितलेली गोष्ट मला मोलाची वाटते. गाडी उभी असताना तो काही देत नाही. डिझेल इंजिन नुसतं धुगधुगत असलं की त्यात फारशी उष्णता तयारच होत नाही. चढ लागला, इंजिनाला जोर द्यावा लागला की दहा मिनिटांत पाय शेकतात. "पोटऱ्या गरम, डोकं गार, पण चादरीनं काम केलं, आक्काला सांगा," असा निरोप होता. आक्काला मी सांगितला. ती म्हणाली, धुऊन परत द्यायला सांगा.

जीप परत आली तेव्हा दिवाळी झाली होती आणि आमच्याकडे उसाचा हंगाम चालू होता. चाचा थर्मोस्टॅट काढून टाकायला टपले होते, मेहुणा नको म्हणत होता. कूलंट आहे तोवर ठेवा, असा तह झाला. चादरीचं अस्तर मात्र मेहुण्याने उतरवलंच नाही. उन्हात उभ्या जीपचं हूड आतून पूर्वीसारखं भाजत नाही, एवढं कारण त्याला पुरेसं होतं. आक्काची चादर गेली ती गेली.

हीटरची बातमी मात्र गॅरेजातून बाहेर पडली होती. एका सकाळी मोहोळकडचे एक शेतकरी आले. त्यांचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन रात्रभर कारखान्याच्या रांगेत आणि रस्त्यावर असतो. सोलापूरला थंडी नाही म्हणणाऱ्याने डिसेंबरात पहाटे तीन वाजता, उघड्या सीटवर बसून, भीमेच्या पुलावरून उसाचा ट्रॅक्टर न्यावा. ड्रायव्हर कानटोपी, मफलर, वर चादर, असा गुंडाळून बसतो आणि मोठ्याने गाणी लावतो ती करमणुकीसाठी कमी, जागं राहायला जास्त. दिवसा उन्हात जी धग त्याला नकोशी होते, पंख्याने इंजिनावरून मागे ढकललेली तीच धग रात्री त्याला सोबत करते. गुडघ्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मी वाऱ्यावर जाते, हाच काय तो घोळ. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, आणि ते योग्यच झालं. ट्रॅक्टरवाल्याचा विचार अजून कुठल्या नियमात आलेला नाही. त्याला मुळात केबिनच नाही.

"चाचा, आमच्या ट्रॅक्टरला बसंल का त्यो हीटर?"

"बसंल की. आधी भिंती आणा. गरम हवा ठेवणार कुठं?"

केबिनचा भाव ऐकून शेतकरी उठायला लागले. मग मी मध्ये तोंड घातलं. अमेरिकेत जुन्या ट्रॅक्टरांना केबिन नव्हत्या तेव्हा शेतकरी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाड किंतानाचे पडदे बांधायचे, सीटपर्यंत. पंखा जी हवा मागे ढकलतो ती बाजूला न फुटता थेट ड्रायव्हरच्या अंगावर यायची. यंत्र नाही, कॉइल नाही, नळी नाही. चाचांनी क्षणभर ट्रॅक्टरच्या बॉनेटकडे बघितलं, हाताने मापं घेतली, आणि खडूने जमिनीवर पडद्याचा आकार काढला: पुढे रुंद, मागे निमुळता, सायलेन्सरच्या जागी कापलेला.

"ताडपत्री आमची, शिवण हूडवाल्याची. चादर नको, तेल उडतंय," ते म्हणाले. "आन् एक ध्यानात ठिवा. सकाळी ऊन वर आलं की सोडून ठिवायचा. न्हाईतर गाडी तापंल, आन् परत आमच्याकडंच याल."